फळ्यावरचे सहा कोटी दीनार

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक मेळाव्याची आठवण निघाली की प्रवचनांच्या आधी तो काळा फळा डोळ्यांपुढे येतो. मेळावा तीन दिवसांचा. विषय दरवर्षी एकच: देवाचं राज्य. पहिल्या दुपारी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला निर्दय चाकराचा दृष्टांत वाचून व्हायचा: राजा ज्याचं अफाट देणं माफ करतो, तोच चाकर सोबत्याचं लहान देणं सोडत नाही. मग खडू मुलांच्या हातात जायचा. एक तालांत म्हणजे 6,000 दीनार, एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि चाकराचं देणं 10,000 तालांत. मुलं शून्यं पुन्हापुन्हा मोजत गुणाकार करायची. उत्तर यायचं 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर हे देणं फेडायला 2 लाख वर्षं! एव्हाना मागच्या रांगांतली मोठी माणसंही पुढे सरकलेली असायची.

मग त्याच चाकराच्या सोबत्याचं देणं मांडायचं: 100 दीनार. 'हे तर किरकोळ' असं कुणीतरी हमखास म्हणायचं. त्यावर फळ्यावर 100 ला 300 नं भागलं जायचं. वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार महिन्यांची कमाई. ज्याची बुडाली त्याच्या घराला ती चांगलीच जाणवणार. क्षमा करायची म्हणजे काही घडलंच नाही असं मानायचं, हा गैरसमज तिथेच गळून पडायचा. नुकसान पुरतं मोजायचं, मोठ्यानं सांगायचं आणि मग सोडायचं. सोडायचं बळ वरच्या 6 कोटींतून येतं. हा दृष्टांत याहून चांगला समजावण्याची रीत आम्हाला तरी ठाऊक नाही.

या हिशेबाचा उपयोग दुसऱ्या संध्याकाळी व्हायचा. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीआधी, पाऊण तास मोकळा ठेवलेला असे. गीत नाही, घोषणा नाही. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5:23-24 त्या पाऊण तासात पाळायचं. नियम थोडे, पण कडक. आपण केलेली गोष्ट नावानं सांगायची. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणायचं नाही, कारण त्यात चूक ऐकणाऱ्याच्या मनावर ढकलली जाते. वाक्यात 'पण' आला की थांबून पुन्हा सुरुवात करायची. पैसे किंवा वस्तू द्यायची असेल तर तारीख सांगायची. समोरच्यानं तिथल्या तिथे क्षमा केलीच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही.

सुरुवातीच्या वर्षांत हे सगळ्यांसमोर व्हायचं आणि तिथेच ते बिघडायचं. चारचौघांत क्षमा मागितली की ज्याला दुखावलं त्याला 'नाही' म्हणता येत नाही; अधिकारातला माणूस मागत असेल तर मुळीच नाही. म्हणून पुढे खुर्च्या दोन-दोन करून लांब लांब मांडायला लागलो. मत्तय 18:15-17 मधला क्रमही तोच आहे: आधी एकांतात, मग एका-दोघांना सोबत घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे. मंडळ्यांमध्ये बहुतेकदा हा क्रम उलटा चालतो. गावभर सांगून झाल्यावर माणूस एकांतात भेटायला जातो. एक गोष्ट मात्र या खुर्च्यांवर कधीच आणायची नाही, ती म्हणजे मारहाण किंवा लहान मुलांशी गैरवर्तन. तिथे आधी त्या जिवाची सुरक्षितता आणि कायद्याची वाट. समेटाच्या नावाखाली गुन्हा झाकणं हे देवाच्या राज्याच्या नेमकं विरुद्ध आहे.

बसण्याची व्यवस्था लूकच्या 14व्या अध्यायाला धरून असे, म्हणजे मानाची खुर्ची कुणालाच नाही. पहिल्यांदा नुसतं 'कुठेही बसा' म्हटलं तर ऐकायला कमी येणारी वडीलधारी माणसं मागे गेली आणि धडधाकट पुढे. मग पहिली रांग त्या वडीलधाऱ्यांची झाली. चाकांच्या खुर्चीसाठी जागा रांगेच्या मधोमध सोडायची, कारण कडेला ठेवलं की तो माणूस वाटेत अडचण झाल्यासारखा अवघडून बसतो.

पैशाचं थोडक्यात. अर्पण मोजायला दोघं, एकमेकांचे नातलग नसलेले. रक्कम लिहून दोघांच्या सह्या. जमा-खर्च पैशापैशाचा वाचायचा, देणगीदारांची नावं वाचायची नाहीत. साफसफाईच्या माणसांची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली (24:15) ती आज्ञाच आहे.

शेवटच्या सकाळी खमिराचा दृष्टांत: देवाचं राज्य म्हणजे एका स्त्रीनं तीन मापं पिठात लपवलेलं खमीर, ज्यानं सगळं पीठ फुगतं. तीन मापं पीठ म्हणजे किती, याचे अंदाज 22 लिटरपासून 40 लिटरच्या जवळपास जातात. कोणताही धरा, ती एका घराची भाकर नव्हे. वर्गात मूठभर खमीर आणि पिठाची भलीमोठी परात शेजारी ठेवली की वेगळं सांगावं लागत नसे. त्या स्त्रीनं खमीर पिठात 'लपवलं', हा शब्द आम्हाला फार आवडायचा. मळताना खमीर एका जागी राहिलं तर कणीक तिथेच फुगते आणि बाकीची घट्ट राहते. घाई करून ऊब दिली तर आंबूस होते.

त्यानंतर चिठ्ठ्या. पुढच्या वर्षासाठी प्रत्येकानं एकच काम लिहायचं: कुणासाठी, काय आणि कोणत्या वारी. 'गरिबांवर प्रेम करीन' अशी चिठ्ठी परत मिळायची. 'दर गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या आजींची औषधं आणून देईन' ही चालायची. कामं तीन लिहिली तर दोन खोडायला लावायचे. मोठ्या नवसांचा जोर दोन-तीन महिने टिकतो, हे अनुभवानं कळलं होतं. कामावरची माणसं कामाचंच लिहायची: मापात खोट करणार नाही, हाताखालच्याचं श्रेय स्वतःकडे घेणार नाही. या चिठ्ठ्या आम्हाला सगळ्यांत मोलाच्या वाटायच्या, कारण देवाचं राज्य तिथे वार-वेळेनिशी उतरायचं.

चिठ्ठी पाकिटात घालून पाकीट बंद करायचं, वर नाव आपल्याच हातानं. दुसरं कुणी वाचायचं नाही, पाळकही नाहीत. पुढच्या वर्षी पहिल्या सकाळी पाकिटांची पेटी दाराशी असायची. कुणी उभ्या उभ्या उघडायचं, कुणी तसंच खिशात ठेवून दुसऱ्या संध्याकाळच्या त्या पाऊण तासाची वाट बघायचं.