आई मला ‘तुम्ही’ म्हणाली

आयफॉस्फामाइड या कॅन्सरवरच्या औषधाचा दुसऱ्या दिवसाचा डोस संपून पाच तास झाले होते. रात्री साडेनऊला ताप नाही, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन जागच्या जागी. तक्त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. खटकलं ते मुलीला. “डॉक्टर, आई मघाशी मला ‘तुम्ही’ म्हणाली. ‘तुम्ही जरा पाणी देता का?’ असं.”

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, ओटीपोटात सार्कोमाची, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींच्या कॅन्सरची, मोठी गाठ. पहिल्या दिवशी डॉक्सोरुबिसिन हे दुसरं कॅन्सरचं औषध आणि तीन दिवस रोज शरीराच्या दर चौरस मीटरला ३ ग्रॅम आयफॉस्फामाइड, सोबत मूत्राशय जपायला मेस्ना, असा बेत होता. सिस्टरांनी नाव, वॉर्ड, वार विचारून घेतला होता आणि तिन्ही उत्तरं बरोबर आली होती. तिथेच फसगत होते. पाठ असलेल्या गोष्टी माणूस धुक्यातूनही सांगतो.

म्हणून १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं. ९३, मग ८६, पुन्हा ८६, पुन्हा ८६. हात पुढे ताणून पंजे मागे वळवायला लावले, तर पंजे मध्येच गळून पडायचे आणि झटक्याने वर यायचे. मग वही काढली. अशा पेशंटकडून आम्ही रोज सकाळी एक वाक्य लिहून घेतो. कार-टी, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या उपचारांच्या वॉर्डातली ही सवय आम्ही उचलली आहे. सकाळचं वाक्य सरळ, स्वच्छ होतं. रात्रीच्या ओळीत शिरोरेषा उजवीकडे घसरत गेली होती आणि ‘आज’ हा शब्द तीनदा आला होता.

आयफॉस्फामाइड यकृतात गेल्यावरच कामाचं होतं. पण तीच विकरं त्याची बाजूची साखळीही तोडतात आणि क्लोरोअॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं. ते मेंदूत शिरून पेशींच्या ऊर्जानिर्मितीत खोडा घालतं. सायक्लोफॉस्फामाइड हे औषध आयफॉस्फामाइडचंच भावंड, पण त्याचा फार थोडा भाग या वाटेने जातो. आयफॉस्फामाइडचा बराच मोठा भाग जातो, म्हणून हा घोळ याच्याच वाट्याला येतो. सुस्तीपासून भास, झटके, बेशुद्धीपर्यंत काहीही होऊ शकतं. सुरुवात बहुधा काही तासांत ते दोन-तीन दिवसांत होते.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, मूत्रपिंड थकलेलं, गाठ ओटीपोटात असेल तर धोका वाढतो. यांचं अल्ब्युमिन कमी, २.८; मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं जास्त, १.४. आकडे आम्ही पाहिले होते आणि पुढे गेलो होतो. उपचार अडवण्याइतके ते वाईट नव्हते, हे खरं. पण मेंदूची तपासणी दिवसातून दोनदा न ठेवता चार-चार तासांनी ठेवायला हवी होती. ती आमची चूक.

तरी हे निदान बाकीचं सगळं वगळूनच करायचं असतं. साखर ११८, सोडियम १३३, कॅल्शियम ठीक, प्लेटलेट पावणेदोन लाख. डोक्याचा सीटी स्कॅन स्वच्छ, म्हणजे रक्तस्राव नाही. झोपेची गोळी दिलेली नव्हती. मध्येच एक कनिष्ठ डॉक्टर धावत आले: लघवीच्या पट्टीवर कीटोन (चरबी जाळताना बनणारी द्रव्यं) भरपूर! मेस्नामुळे ती पट्टी खोटा रंग दाखवते. रक्तातले कीटोन तपासले, ते नेहमीसारखेच होते. अर्धा तास मात्र गेला.

तिसऱ्या दिवसाचा डोस रद्द केला आणि सलाईन वाढवलं. मेस्ना मात्र चालू ठेवलं. घाईत लोक दोन्ही एकदम बंद करतात, पण आधीच शरीरात गेलेल्या औषधातून अॅक्रोलीन हे मूत्राशयाला जाळणारं द्रव्य लघवीत उतरतच असतं आणि मूत्राशय रक्ताळू शकतं.

मग या गोंधळावर उतारा म्हणून वापरतात ते मिथिलीन ब्लू. एरवी ५० मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटांत सावकाश, गरजेप्रमाणे दर चार ते आठ तासांनी. सिस्टरांनी औषध काढायच्या आधी मुलीला विचारलं, घरून काही गोळ्या चालू आहेत का. तिच्या पर्समधून एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीची पट्टी निघाली. आईकडून रोज न चुकता घेतली जाणारी ती १० मिलिग्रॅमची गोळी आमच्या कागदांवर कुठेच नव्हती. मिथिलीन ब्लू मोनोअमाइन ऑक्सिडेज हे सेरोटोनिन मोडणारं विकर रोखतं. सेरोटोनिन वाढवणाऱ्या अशा गोळीवर ते दिलं तर सेरोटोनिन भरमसाट वाढून ताप, थरथर, गोंधळ होऊ शकतो, आणि मग कुठला गोंधळ कशाचा हे ओळखणं कठीण. जी-६-पीडी विकर कमी असलेल्यांना तर ते रक्तपेशी फुटण्याच्या भीतीने देतच नाहीत.

बाई आवाजाला डोळे उघडत होत्या, झटके नव्हते. म्हणून मिथिलीन ब्लू राखून ठेवलं आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) १०० मिलिग्रॅम सलाईनमधून दर चार तासांनी सुरू केलं. एस्सिटॅलोप्रॅम तूर्त थांबवलं. तोंडाने काहीच द्यायचं नाही, कारण गिळताना ठसका लागत होता. रात्री दोनला त्या चादरीवरच्या मुंग्या वेचू लागल्या. मुंग्या नव्हत्याच. सलाईनची नळी बँडेजखाली दडवली, कठडे वर केले, एक माणूस उशाशी बसवला. पहाटे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, केला. त्यात फक्त संथ लहरी निघाल्या. हे पाहणं गरजेचं, कारण अंग न हलवता मेंदूत चाललेला झटकाही बाहेरून असाच गुंगीसारखा दिसतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजाबाकीचे आकडे ७९ पर्यंत गेले. तिसऱ्या सकाळी शिरोरेषा सरळ. थायमिनने गुण आला की औषध थांबवल्याने आपोआप उतरलं, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही. बरेच जण दोन-तीन दिवसांत नुसत्या थांबण्यानेही सावरतात.

पुढच्या फेरीत आयफॉस्फामाइड वगळून एकटं डॉक्सोरुबिसिन दिलं. मुलीच्या हाती आम्ही एक कोरी वही दिली: रोज एक वाक्य, तारीख आणि वेळ घालून. त्या रात्रीचं आईला काहीच आठवत नाही. तिचं म्हणणं, ‘तुम्ही’ म्हणालेच नाही.