क्षपण विभवांचा तक्ता वाचताना : माझा अनुभव

कोणता धातू दुसऱ्या धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढील, हे सांगण्यासाठी शाळेत आम्ही धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ करत असू. पुढे प्रमाण क्षपण विभवांचा, म्हणजे एखाद्या आयनाची इलेक्ट्रॉन घेण्याची (क्षपण होण्याची) ओढ व्होल्टमध्ये दाखवणारा, तक्ता हाती आला आणि त्या पाठांतरामागचे कारण मला प्रथमच आकड्यांत दिसले. 25 अंश सेल्सिअस तापमान, आयनांची 1 मोलार (लिटरमागे एक मोल) संहती आणि हायड्रोजनचा विभव शून्य असे धरून हा तक्ता बनवलेला असतो. त्यात जस्ताचा विभव −0.76 व्होल्ट, कथिलाचा −0.14, शिशाचा −0.13, तांब्याचा +0.34 आणि चांदीचा +0.80 आहे.

मी स्वतःला लावून घेतलेली पद्धत साधी आहे. दोन्ही अर्धअभिक्रिया, म्हणजे प्रत्येक धातूच्या आयनाने इलेक्ट्रॉन घेण्याची समीकरणे, तक्त्यात आहेत तशाच, क्षपणाच्या रूपात, एकाखाली एक लिहायच्या. ज्याचा विभव जास्त त्याच्या आयनांचे क्षपण होणार आणि दुसरा धातू इलेक्ट्रॉन गमावणार, हे ठरवायचे. मग कोणतेही चिन्ह न बदलता मोठ्या विभवातून लहान विभव वजा करायचा. तांबे आणि चांदी यांच्यासाठी उत्तर 0.46 व्होल्ट येते, म्हणजे तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवल्यास अभिक्रिया आपणहून व्हायला हवी. ती होते. तारेवर करड्या, चकाकत्या सुया उगवू लागतात आणि रंगहीन द्रावणावर हळूहळू निळसर झाक चढते.

याच अभिक्रियेत तांब्याच्या एका अणूमागे चांदीचे दोन आयन लागतात, मग 0.80 ची दुप्पट का करायची नाही, या प्रश्नावर मी बराच काळ अडून होतो. विभव म्हणजे एकक विद्युतप्रभारामागची ऊर्जा, हे नीट ध्यानात घेतले तेव्हाच उलगडा झाला : इलेक्ट्रॉन दुप्पट झाले की ऊर्जाही दुप्पट होते आणि प्रभारही, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या मुक्त ऊर्जा, म्हणजे अभिक्रियेतून कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा, काढताना लागते. इलेक्ट्रॉनांची संख्या 2, एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार 96,485 कूलोम आणि विभव 0.46 यांचा गुणाकार केला की मुक्त ऊर्जेत प्रति मोल सुमारे 89 किलोज्यूल घट होते, असे कळते.

कथिल आणि शिसे या जोडीने मला अधिक सावध केले. त्यांच्या विभवांत फरक अवघा 0.01 व्होल्टचा असल्याने कथिलाने शिसे बाहेर काढण्याच्या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक (समतोलात कथिलाच्या आणि शिशाच्या आयनांच्या संहतींचे गुणोत्तर) 2 च्या आसपास येतो, म्हणून द्रावणात कथिलाच्या आयनांची संहती शिशाच्या आयनांच्या तिप्पट असेल, तर अभिक्रियेची दिशाच उलटते. इतक्या कमी फरकावर, प्रत्यक्ष संहतीनुसार विभव काढणारे नेर्न्स्ट समीकरण न मांडता निर्णय देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ॲल्युमिनिअमचा विभव −1.66 असल्याने तांब्याशी त्याचा फरक 2.00 व्होल्ट, म्हणजे जस्तापेक्षा कितीतरी जास्त आहे. तरीही मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी बराच वेळ जशीच्या तशी राहते. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आयनांना धातूपर्यंत पोहोचू देत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकल्यावर क्लोराइड आयन तो थर भेदतात, बुडबुडे येतात, परीक्षानळी हाताला गरम लागते आणि तपकिरी तांबे जमू लागते. अभिक्रिया किती वेगाने होईल याबद्दल विभव काहीच बोलत नाही, हे या प्रयोगाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

लोहाने मात्र मला हा तक्ता धातूच्या नावावरून न वाचता आयनांच्या जोडीवरून वाचायला लावले. फेरस (दोन धन प्रभारांच्या) आयनापासून लोह होण्याचा विभव −0.44 आहे, त्यामुळे लोखंडी खिळ्यावर तांबे बसते आणि द्रावणात फेरस आयन उतरतात. पण फेरिक (तीन धन प्रभारांच्या) आयनापासून फेरस होण्याचा विभव +0.77, म्हणजे तांब्याच्याही वर आहे. म्हणून तांबे फेरस क्षारात स्वस्थ राहते, तर फेरिक क्लोराइडमध्ये विरघळते, आणि मुद्रित सर्किट बोर्डावरचे नको असलेले तांबे काढायला तेच द्रावण वापरतात.