बुरशीची तक्रार

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, घरांतल्या भाडेकरूंचे फोन घेणं हे माझं काम. त्यात घरातल्या बुरशीच्या तक्रारींचे फोन सगळ्यात अवघड. परवा एक आई पहिल्याच वाक्याला ओरडली, "माझं पोरगं गेल्यावर येणार का तुम्ही?"

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी 'शांत व्हा' म्हणणं म्हणजे आगीत तेल. तिला सगळं सांगू दिलं: मुलाच्या पलंगामागची काळी पडलेली भिंत, रात्रभराचा खोकला, आधीच्या तक्रारी आणि त्यांवर मिळालेलं उत्तर, 'खिडक्या उघड्या ठेवा'. या उत्तराची मला खरंच चीड येते. हीटिंगचं बिल परवडत नाही त्या बाईने भर थंडीत खिडक्या उघडायच्या?

तिची भीती खोटी नव्हती. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळेच गेला. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत तपासणी करून घर सुरक्षित करायचं. ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर कामकाजाच्या १० दिवसांत तपासणी. कायद्याने ठरवलेल्या मुदतीत घर सुरक्षित होत नसेल तर कुटुंबाची दुसरीकडे सोय घरमालकाने, म्हणजे आम्हीच, करायची.

म्हणून माझा पहिला प्रश्न भिंतीबद्दल नव्हता. "बाळाला आत्ता श्वास घ्यायला त्रास होतोय का?"

ती थांबली. "दमा आहे त्याला."

तक्रार तातडीची म्हणून नोंदवली, माझं नाव आणि तक्रारीचा क्रमांक तिला लिहून घ्यायला लावला. दुपारी तपासनीस तिच्या घरी पोचला.