झोनल सेमी हरल्यानंतर आमची टीम परत कशी उभी राहिली (माझा अनुभव)

गेल्या सीझनला आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम झोनल सेमीफायनल हरली, आणि त्यानंतरचे महिने कसे गेले ते लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आम्ही नाशिकच्या, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नाशिक झोनमधून खेळतो. आधी झोनमधल्या कॉलेजेसच्या मॅचेस, त्यातून झोनची टीम, मग इंटरझोनल, आणि तिथून विद्यापीठाची टीम निवडली जाते. कॉलेज म्हणून आमच्यासाठी सगळं नॉकआउट, एक मॅच गेली की वर्ष गेलं.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही आरामात पुढे होतो. चौथ्यात समोरच्या टीमने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आमच्याच टोकापासून अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागल्या, आणि दहा मिनिटात सगळं गेलं. 8 सेकंदात बॉल हाफ लाइनच्या पुढे न्यायचा असतो, आम्ही बॉल घेऊन साइडलाइनकडे पळायचो, तिथे दोघी येऊन ट्रॅप करायच्या, म्हणजे कोंडीत पकडायच्या, घाईत पास, तो पास त्यांच्या हातात, ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला सोपा शॉट). परत तेच. शेवटी आमच्या दमलेल्या पोरी फाऊल करायला लागल्या, आणि क्वार्टरमध्ये पाचव्या टीम फाऊलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात, ते त्यांनी घातले.

नंतर सगळे येऊन तेच बोलत होते, नशीब नव्हतं, रेफ्री त्यांच्या बाजूने होते, पुढच्या वर्षी बघू. चांगल्या मनाने बोलत होते पण त्याचा काही उपयोग होत नाही हो. नशीब म्हटलं की सुधारायला काही उरतच नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र कोर्टवर नव्हतीच. आमची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी पोरगी, प्रॅक्टिसला यायची बंद झाली. फोन उचलेना. मग मी आणि आमची कॅप्टन ताई तिच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा केला आणि सरळ सांगितलं, "बाळांनो, लास्ट इयर आहे, प्रॅक्टिकल आहेत, अंधारात येते जाते, आणि एवढं करून हरून रडत बसते. आता पुरे." काकूंचं चूक होतं असं मला अजिबात वाटत नाही. ताई म्हणाली, "काकू, संध्याकाळची प्रॅक्टिस आम्ही सकाळी घेतो, घरी सोडायची जबाबदारी माझी, सबमिशनच्या आठवड्यात तिला कोणी बोलावणार नाही." काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत, पण पोरगी मागून बाहेर आली आणि म्हणाली, "मला खेळायचंय आई." त्या घरातून निघालो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की टीम राहील. आणि सकाळची वेळ झाल्याचा एक फायदा असा की कोर्ट आमचं झालं, संध्याकाळी ते कायम मुलांकडेच असायचं. थंडीत दवाने सिमेंटचं कोर्ट घसरडं व्हायचं, आधी पोत्याने पुसायचं आणि मग वॉर्मअप.

मग आमच्या कोच सरांनी त्या सेमीचा व्हिडिओ दाखवायला काढला, एका मैत्रिणीने मोबाईलवर शूट केलेला, अर्धा वेळ हललेला. फक्त चौथा क्वार्टर बघायचा, आणि कोणाचं चुकलं ते बोलायचं नाही, बॉल कुठे गेला तेवढंच वहीत लिहायचं. लिहिल्यावर चित्र एकदम स्वच्छ. जवळपास सगळे टर्नओव्हर (हातातून गेलेले बॉल) एकाच कोपऱ्यात, आणि मिडलला बॉल मागायला कोणीच नाही. दुसरं म्हणजे त्यांचा शॉट चुकला तरी रिबाउंड, म्हणजे परत उडालेला बॉल, त्यांनाच, कारण आम्ही सगळ्या रिंगकडे बघत उभ्या, बॉक्स आउट, म्हणजे समोरच्या प्लेअरला पाठीने अडवून रिंगपासून लांब ठेवणं, कोणी करतच नव्हतं. उंची कमी आहे म्हणून रिबाउंड जातात असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो!

त्यानंतर आमचं काम ठरलं. मुलांच्या टीममधले सात जण प्रेस लावायचे आणि आम्ही पाच जणींनी बॉल पुढे न्यायचा. बॉल आमचाच, 6 नंबरचा, मुलांना 7 ची सवय म्हणून ते कुरकुरायचे पण आम्ही ऐकलं नाही. नियम दोनच, साइडलाइनकडे ड्रिबल नाही, आणि एकीने कायम मिडलला यायचं, पास मिळाला की आधी वळून पुढे बघायचं. पहिले काही आठवडे बॉल हाफ लाइनपर्यंत पोचायचाच नाही, फर्स्ट इयरची पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारी) रडकुंडीला यायची. पण सात जणांची सवय झाली की समोर पाच आले तर केवढी जागा दिसते ते खेळल्याशिवाय कळत नाही. फ्री थ्रो पण ताज्या पायांनी नाही, लाइन रन (कोर्टच्या एकेका लाइनपर्यंत पळून परत येणं) मारून धाप लागलेली असताना.

मध्येच सर शिरीन लिमयेबद्दल बोलले. आपली पुण्याची, 2021 ला भारताची कॅप्टन होती. अम्मानच्या आशिया कपमध्ये ती टीम सगळ्या मॅचेस हरली आणि डिव्हिजन बीमध्ये, म्हणजे खालच्या गटात, गेली. इतक्या मोठ्या लेव्हलला हरूनही त्या पोरी परत नॅशनलला, परत कॅम्पला जातच होत्या ना. आमच्या गार्डला ते फार लागलं, तिने नंतर त्या मॅचेस शोधून बघितल्या.

मग जानेवारीत एक इन्व्हिटेशन टूर्नामेंट होती, तिथे सेमीला तीच टीम. चौथ्या क्वार्टरला प्रेस आलाच. पहिला बॉल गेला, आमच्या बेंचवर सगळ्या गप्प. सरांनी टाइमआउट घेतला नाही, मला तेव्हा रागच आला होता. पण दुसऱ्या वेळी सेंटर धावत मिडलला आली, पास घेतला, वळली, पुढे दोघी मोकळ्या, ले-अप. मग पुन्हा तसंच. थोड्या वेळाने त्यांनीच प्रेस काढला. चार पॉइंटने जिंकलो, त्यातले शेवटचे दोन फ्री थ्रो फर्स्ट इयरच्या गार्डचे, आणि काकू स्टँडमध्ये उभ्या राहून ओरडत होत्या.

फायनल आम्ही हरलो, पुण्याची टीम सरळ आमच्यापेक्षा भारी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कोर्टवर होत्या, सेंटरसकट, आणि वहीत फायनलचं नवीन पान सुरू केलं, कारण त्यांच्या झोन डिफेन्ससमोर (प्रत्येकीने एकेक प्लेअर नाही, आपापली जागा राखायची) आम्हाला शॉटच मिळत नव्हते आणि ते झोनलच्या आधी सोडवायचंय.