अडलं तर बिनधास्त लिहा

मंगळवार, रात्रीचा दीड

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. तसं मोठं काही झालेलं नाही. सकाळी सव्वाअकराला एक मेल आला, चार ओळींचा, आणि दिवसभर त्याच चार ओळी डोक्यात फिरतायत.

"नमस्कार सर, मी तुमचं पिनकोडचं प्लगइन घेतलंय. १९९ रुपये भरलेत. ऑर्डर येतात पण पॅकिंगची यादी रिकामी दिसते. गणपतीच्या ऑर्डरी अडकल्यात, जरा लवकर बघाल का." खाली वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा पत्ता आणि मोबाइलवरून काढलेला स्क्रीनचा फोटो, कोपऱ्यात आमसुलांच्या बरणीचं झाकण आलंय.

सर म्हटलंय ते राहू दे, त्याची सवय झालीय. पण १९९?

माझं प्लगइन, म्हणजे ऑनलाइन दुकानाला जोडायचा छोटा प्रोग्राम, पिनकोड बघून माल कधी पोचेल ते सांगणारा, वर्षाला २,४०० रुपयांना आहे. १९९ ला मी ते कधीच दिलेलं नाही, दिवाळीतसुद्धा नाही. म्हणजे ताईंनी ते अशा एखाद्या साइटवरून घेतलंय जिथे सगळ्यांची प्लगइनं ढीग लावून मिळतात. शोधलं तर खरंच सापडलं, माझंच, व्हर्जन १.२, २०२३ च्या उन्हाळ्यातलं. लायसन्स तपासणारी फाइल काढलीय, माझं नाव पुसलंय. फक्त सेटिंगच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात मी लिहिलेली ओळ कुणाच्या लक्षात आली नसावी, ती तशीच राहिली. "अडलं तर बिनधास्त लिहा", आणि पुढे माझा मेल.

याला चोरी म्हणता येत नाही हे मला माहितीये. वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस जीपीएल या खुल्या लायसन्सवर आहे, त्याच्यावर उभं केलेलं माझं प्लगइनही जीपीएलवर, एकाने विकत घेतलं की त्याची कॉपी वाटायला नाहीतर विकायला त्याला मोकळीक आहेच. आणि मी ज्याच्यावर घर बांधलंय ते वूकॉमर्स, वर्डप्रेसवर दुकान चालवणारं, ते तरी कुठे विकत घेतलंय, इतकी वर्षं फुकटच वापरतेय की. हे सगळं पहिल्या दिवसापासून समजून उमजून केलेलं. मग आज एवढं का लागलं?

१९९ हा आकडाच लागला बहुतेक. २,४०० सांगताना माझा आवाज अजून बारीक होतो. त्या इचलकरंजीच्या साडीवाल्यांनी "जीएसटी बिल नाही? मग राहू दे" म्हटलं तेव्हा मी उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, नंबर लागत नाही वगैरे सांगत बसले आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास नुसती बसून होते. चार वर्षांत ४३ गिऱ्हाइकं, त्यातल्या २६ जणांनी रिन्यू केलं. आई परवा म्हणाली, अगं नोकरीतले लोक अजून विचारतात का तुला. तो होता तेव्हा निदान हिशेब दोघांत व्हायचा, असो, त्याच्याबद्दल आज नको.

दुपारी जेवतानाही तेच. ताईंनी १९९ भरले ते कुणाला भरले? त्यांच्या मनात ते माझ्याकडेच आलेत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने पैसे घेऊन यादी रिकामी ठेवणारी बाई मीच, ऐन गणपतीत. एक रुपया न मिळता गिऱ्हाइकाचं देणं माझ्या अंगावर.

यादी का रिकामी आहे ते फोटो बघताक्षणीच कळलं होतं. वूकॉमर्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये, ८.२ ला, नव्या दुकानांसाठी ऑर्डरी ठेवायची जागाच बदलली. आधी ऑर्डर म्हणजे ब्लॉगच्या पोस्टसारखीच, सगळं एकाच टेबलात पडायचं, आता ऑर्डरींना त्यांची वेगळी टेबलं. माझं १.२ जुन्या कपाटात हात घालून बघतं. ताईंचं दुकान नवं, त्यांच्या जुन्या कपाटात काही नसणारच. त्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे रात्री जागून ऑर्डर वाचणारी एकेक ओळ बदलली होती, १.३ त्याचंच आहे. ते तीन आठवडे १९९ मध्ये नाहीत. हे मी दुपारी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, जरा बरं वाटलं, मग परत नाही वाटलं.

खरंतर हे सगळं देवगडच्या मामाच्या हापूसच्या बागेमुळे सुरू झालं. २०२२ च्या सीझनला त्याचं ऑनलाइन दुकान मीच लावून दिलं होतं. त्याचा टेम्पो कुडाळ, कणकवली, मालवणला जायचा, म्हणून डिलिव्हरीच्या झोनमध्ये मी ४१६ आणि पुढे फुली टाकली, म्हणजे ४१६ ने सुरू होणारे सगळे पिनकोड, "सकाळी अढीतून, संध्याकाळी दारात". सोपं वाटलं. पण देवगड ४१६६१३, इचलकरंजी ४१६११५, सांगली ४१६४१६, सगळी ४१६ च! तिसरा आकडा टपाल छाटणीचा जिल्हा सांगतो, मधे सह्याद्री आहे की नाही ते त्याला कुठलं ठाऊक. ४१५ चंही तसंच, सातारा आणि रत्नागिरी एकाच आकड्याखाली. मी कोल्हापुरात वाढलेली, गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना दरवेळी ओकारी काढणारी, मला हे आधी सुचायला हवं होतं. इचलकरंजीहून दोन पाच डझनी पेट्यांची ऑर्डर आली, त्याच दिवशी दारात अशी, चौथ्या दिवशी पोचल्या, तयार माल, वरचे आंबे काळे पडलेले. मामा काही बोलला नाही. पैसे परत केले आणि मला म्हणाला, जेवून जा.

त्या रात्री टपाल खात्याची पिनकोडची यादी उतरवून घेतली. देशात १९ हजारांवर पिनकोड आणि पोस्ट ऑफिसं दीड लाखांच्या वर, एका पिनकोडात दहा दहा गावं, नावांची स्पेलिंगं तीन तऱ्हेची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते हे तेव्हाच वाचलं आणि उगाच धीर आला, की हे किचकट काम आपल्यातल्याच एका कवी माणसाने केलंय. घाटाखालचं, घाटावरचं वेगळं करायला दोन महिने गेले. काम झालं त्या रात्री पानाच्या तळाशी ती ओळ लिहिली. गिऱ्हाईक एकही नव्हतं तेव्हा, कुणीतरी लिहावं असं फार वाटत होतं.

संध्याकाळी मामाला फोन केला. सगळं सांगितलं, १९९ सकट. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्याकडे पेटीवर नाव देवगड आणि आत आंबो भलत्याच गावचो. तुजा उलटा झाला गो. आत माल तुजोच, नाव तेवढा पुसला." २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी पेटीतला माल आपला नाही हे गिऱ्हाइकाला समजावताना दर सीझनला त्याचा घसा बसतो, तरी समोरच्याला शिव्या देताना मी त्याला ऐकलेलं नाही. फोन ठेवताना म्हणाला, "त्या बायचा काम थांबवू नको, गणपती इले."

त्यानंतर डोकं जरा शांत झालं. राग त्या साइटवाल्याचा असेल तर तो ताईंवर काढायचं कारण नाही, आणि त्याला जे कॉपी करता आलं ते फक्त १.२ आहे. मे महिन्यातल्या माझ्या रात्री, टेम्पोच्या वेळा, कुठल्या गावाला पोस्टमन एक दिवसाआड जातो ते मामाला विचारून विचारून भरलेलं, ते पुढचं सगळं अजून माझ्याकडे आहे आणि दर महिन्याला थोडं वाढतंय. पण तरी १९९ टोचतंच. पुढच्या वेळी कुणी किंमत विचारली की आवाज बारीक करायचा नाही, एवढं ठरवलंय, जमेल की नाही बघू.

साडेबाराला उठून टेस्टच्या दुकानात १.६ चढवलं, आमसुलांचा अर्धा किलो घातला, पत्ता मामाचा, ४१६६१३. पॅकिंगच्या यादीत एक ओळ आली, देवगड, अर्धा किलो, उद्या निघेल. मग इचलकरंजी टाकून बघितलं, तीन दिवस दाखवले. बरोबर.

तळाशी ती ओळ होतीच. पुढे "लायसन्स असल्यास" असं टाइप केलं, बराच वेळ बघत बसले आणि काढून टाकलं.

मेलला झिप जोडलीय. "नमस्कार ताई, मी सर नाही, पण प्लगइन माझंच आहे" इथपर्यंत लिहून झालंय. गणपतीपर्यंत हे वापरा, पैशांचं नंतर बोलू असं लिहायचं की २,४०० आत्ताच स्पष्ट लिहायचे, यावर पंधरा मिनिटं अडकले होते. दोन्ही लिहिलंय. १९९ कुणाकडे गेले तेही लिहिलंय, त्यांना माहीत असायला हवं. पाठवते आता, सकाळी त्यांना पॅकिंग करायचं असेल.