तंजावरचं 'कलम'

मी मोडी लिप्यंतराचं काम करते, जुने कागद वाचून देवनागरीत उतरवून द्यायचे. पुणे-सातारा भागातले कागद भरपूर वाचलेत, त्यामुळे तंजावरचं काम आलं तेव्हा वाटलं मोडी ती मोडीच, तीच आधी ओढलेली लांब रेघ, तेच शब्द न तोडता लिहिणं.

तिथला राजवाडा मुळात नायक राजांचा, नंतर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचा. आता आवारात आर्ट गॅलरी आहे, चोळांच्या ब्राँझ मूर्ती आहेत आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी जीव लावून वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. इतक्या लांब, सगळीकडे तमिळ कानावर पडत असताना समोर मराठी कागद येतो ना, तेव्हा खरंच भरून येतं.

तर त्या दिवशी माझ्याकडे एका अन्नछत्राचा हिशोब होता. रामेश्वरच्या वाटेवर या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती, तिथे रोज किती भात लागला वगैरे नोंदी. आता मोडीत 'कलम' म्हणजे बाब, मुद्दा, हे आम्हाला पाठच असतं, म्हणून 'भात कलम ५' मी सरळ 'भात, बाब ५' असं लावत गेले. आणि बेरजा काही जुळेनात! एका ठिकाणी ७ आणि ८ खाली लिहिलंय १ आणि ३. मी तळटीप टाकली, 'मूळ बेरीज चुकीची'. अशा ३ टीपा झाल्या आणि मनात कारकुनाला बोल लावून मोकळी झाले.

दुपारी बाहेर ओसरीवर एक वयस्कर काका भेटले, घरात मराठीच बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. त्यांची मराठी आपल्या कानाला वेगळी लागते, तमिळचा हेल आणि मध्येमध्ये तमिळ शब्द, पण आपलीच. बोलता बोलता मी हा घोळ सांगितला तर ते लगेच म्हणाले, अहो कलम म्हणजे धान्याचं माप, १२ मरक्कालचा १ कलम, आमच्याकडे जुनी माणसं भात असाच मोजायची.

मी चहा तसाच ठेवून आत पळाले. ७ आणि ८ मरक्काल म्हणजे १५, त्यातले १२ गेले, १ कलम ३ मरक्काल. बरोब्बर! मग दुसरी बेरीज, तिसरी, सगळ्या जुळल्या. दोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस अचूक होता आणि मी त्याच्या नावावर चूक लिहून ठेवली होती, याचं फार वाईट वाटलं.

आधी दिलेली पानंसुद्धा परत मागवली. संध्याकाळी ग्रंथालय बंद व्हायच्या आत तिन्ही टीपा खोडल्या आणि पहिल्या पानावर मापांचं कोष्टक लिहिलं.