खालचा फास

घरी आलेला पाहुणा भिंतीवरचे धनुष्य कौतुकाने उतरवतो आणि हमखास उलटे धरतो. त्याला दोष देता येत नाही. बांबूच्या कामटीला सुतळी बांधून केलेला तिरकमठा प्रत्येकाच्या लहानपणात असतो, आणि कामटी जिकडे वाकते तिकडेच दोरी, हा हिशेब हाताला कायमचा ठाऊक झालेला असतो. रिकर्व्ह धनुष्य तो हिशेब मोडते. दोरी उतरवलेली असताना त्याची टोके धरणाऱ्यापासून लांब, नेमाच्या दिशेला वळलेली असतात. दोरी चढवायची म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाहूंना त्यांच्या मनाविरुद्ध आपल्याकडे वळवून आणायचे. मैदानावर या बाहूंना 'लिम्ब' म्हणतात आणि बोलताना त्याचे 'लिंब' होते. "लिंबाला दोरी नीट बसली का?" हे माझे फोनवरचे बोलणे ऐकून, मी दारावर टांगायच्या लिंबू-मिरचीचीच चौकशी करतो आहे, असे आईला बरेच दिवस वाटत होते.

हे धनुष्य मी कोथरूडच्या घराच्या गच्चीवर घडवले. मुठीसाठी सागाचा तुकडा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणला, बाहूंसाठी बांबू बुरूड आळीतून, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी फायबरग्लासच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. लांबी ६६ इंच, आणि २८ इंच ओढल्यावर ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो ताण. चार महिने चाललेल्या या खटाटोपात सर्वांत कमी वेळ मी टोकांवरच्या, दोरीचे फास अडकवायच्या खाचांना दिला. गोल कानशीने दोन्ही कडांना थोडे थोडे घासले, बोट फिरवून पाहिले आणि झाले असे मानले.

त्या आळसाची फळे पहिल्याच दिवशी मिळाली. वरचा फास खाचेत गेलेला पाहून मी समाधानाने धनुष्य खाली घेऊ लागलो, तोच खालचा फास निसटला, धनुष्य हातातून उसळले आणि त्याचे टोक माझ्या नडगीवर आणि तिथून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर आदळले. टाकीचा आवाज खालच्या दोन मजल्यांनी ऐकला. नंतर पाहिले तर खालच्या टोकाची डावी खाच उजवीपेक्षा उथळ होती, त्यामुळे फास तिरपा बसला होता. वरच्या टोकाकडे लक्ष असताना दोरी खाली ढिली असते, आणि त्या ढिलाईत त्याने खाचेचा काठ सोडला होता.

फास खाचेत बसणे ही वरवर पाहता गाठ मारण्याइतकी साधी गोष्ट वाटते. साध्या, सरळ धनुष्याची दोरी फक्त टोकाला टेकते. रिकर्व्हची दोरी मात्र खाचेतून निघाल्यावर वळणाच्या आतल्या अंगावर काही इंच पडून राहते, ओढताना तिथून उचलली जाते आणि बाण सुटल्यावर पुन्हा तिथेच येऊन आपटते. म्हणून तिथे बाहूच्या रुंदीच्या मध्यावर तिच्यासाठी एक उथळ पन्हळ कोरावी लागते. दोरी त्या पन्हळीच्या एका बाजूला कलली, तर प्रत्येक बाणागणिक बाहूला पीळ बसत जातो आणि एखाद्या दिवशी ती वळणावरून सरळ बाहेर उडी मारते. खाचेची कड धारदार राहिली तर ती दोरीला करवतीसारखी कापते. मला कड गुळगुळीत करायला एक रविवार लागला, आणि तो मी नडगीला आयोडेक्स चोळत घालवला.

अमरकोशात धनुष्याच्या टोकाला कोटी आणि अटनी, मधल्या धरायच्या जागेला लस्तक, आणि दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण अशी नावे दिली आहेत. मोरवेलीच्या तंतूंची म्हणून मौर्वी, आणि वाजते म्हणून शिंजिनी. 'सज्ज' हा शब्दही मुळात 'सज्य', म्हणजे ज्येसह असलेला, असा सांगतात. मराठीने मात्र वाक्प्रचार केला तो 'शिवधनुष्य पेलणे' असा. जनकाचा पण दोरी चढवण्याचा होता, आणि ते धनुष्य मोडले तेही दोरी चढवून ओढताना. आपण फक्त उचलण्याचे कौतुक लक्षात ठेवले. माझे धनुष्य शेजारचे सात वर्षांचे पोरही पेलते.

एक पाय धनुष्य आणि दोरी यांच्यामधून घालून, मांडीवर जोर देऊन दोरी चढवण्याची एक रीत आहे. ती दिसते रुबाबदार, पण बाहूला हमखास पीळ देते, म्हणून मला ती मुळीच मान्य नाही. मी स्ट्रिंगर वापरतो: एक जाड दोर, त्याच्या एका टोकाला चामड्याची खोळ आणि दुसऱ्याला रबरी पट्टी. मोठा फास वरच्या बाहूवरून खाली सरकवून ठेवायचा, लहान फास खालच्या खाचेत घालून त्यावर खोळ चढवायची, दोरावर दोन्ही पायांनी उभे राहायचे आणि मूठ सरळ वर उचलायची. बाहू वाकले की वरचा फास सरकवत खाचेत न्यायचा. मग तोंड बाजूला ठेवून, घाई न करता धनुष्य खाली आणायचे आणि दोन्ही खाचा नखाने चाचपायच्या. खालच्या फासावर मी कोथिंबिरीच्या जुडीचे रबर अडकवून ठेवतो, म्हणजे दोरी ढिली असतानाही तो जागचा हलत नाही.

नंतर टेप घेऊन मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजतो. या लांबीला ते साधारण ८ ते ९ इंच असावे. माझी दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्याची, १४ पदरांची. नवी असताना ती ताणली जाते, अंतर कमी होते, आणि मग एक फास काढून दोरीला चार-सहा पीळ द्यावे लागतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण करणाऱ्याने डेक्रॉनची दोरी पाहिलेली नसावी. माझा पीळ वरचा फास हातातून सुटताच भराभर उलगडतो. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवेने मऊ पडते, तेव्हा ताणही किंचित कमी भासतो, आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात तेच धनुष्य अंगावर आल्यासारखे वागते.

सगळे जमले की दोरी बोटाने हलकेच छेडून पाहतो. नीट बसलेली दोरी एकच स्वच्छ स्वर देते. कुठे तिरकी असेल तर बारीक खरखर ऐकू येते, आणि मग बाण न लावता मी पुन्हा स्ट्रिंगर उचलतो. काल सकाळी असे तीनदा झाले. चौथ्यांदा स्वर लागला तोवर ऊन टाकीवर आले होते आणि ऑफिसची वेळ झाली होती, म्हणून वरचा फास काढून बाहूवरून खाली सरकवला. खालचा खाचेतच राहू दिला. त्यावर रबर होतेच.